आईच्या चुलीचं धुरांडं

माझं माहेर भिवंडी शहरातलं. घराच्या दोन्ही अंगांना कापडाचे लूम, रात्रंदिवस खडखडाट. आमच्याकडे हळू कुणी बोलतच नसे, कारण हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. लग्न होऊन वळ गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूनं मला सुनावलं, "सूनबाय, मी बयरी न्हाय. जरा बारीक बोल." झालं, तिथून आमची जी जुंपली ती जुंपलीच. मिठावरून, केरसुणी उभी ठेवण्यावरून, मासळीत चिंच किती घालायची यावरून. मी तिला आई म्हणायचे आणि भांडायचेही आईशी भांडावं तशीच. माझा नवरा कधी मध्ये पडला नाही. "दोगी येकाच मातीच्या," एवढं बोलून चपला घालायचा आणि बाहेर.

हे पॅनेल बसवायचं काम करतात. गोदामांची कामं. वळपासून राहनाळपर्यंत जिकडे बघाल तिकडे गोदामं, त्यांतल्या कितीतरींच्या भिंती आणि छपरं यांच्या हातची. दोन पत्रे आणि मध्ये पिवळा फोम, त्याला पफ पॅनेल म्हणतात. उन्हाची तिरीप आत शिरत नाही, मालाला धग लागत नाही. इथं प्रत्येकाच्या घरात गोदामाचा एखादा तुकडा असतोच. कुणाच्या न्हाणीला गोदामाचं शटर, कुणाच्या गोठ्यावर गोदामाचे पत्रे. आमचं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा पुढच्या खोल्या पक्क्या झाल्या आणि मागचं स्वयंपाकघर यांनी उरलेल्या पफ पॅनेलचं उभं केलं. भिंती पॅनेलच्या, छप्पर पॅनेलचं. पांढरंशुभ्र, आतून अगदी दवाखान्यासारखं. एप्रिलातसुद्धा आत गार. मी खूश होते. आई मात्र दारात उभी राहून म्हणाली, "यात धूर कुटून जायाचा गो?"

"धूर कसला? गॅस आहे ना," मी म्हटलं.

जुन्या घरात मागच्या पडवीत तिची चूल होती. धूर कौलांच्या फटींतून आपला आपण निघून जायचा, त्याला कुणी वाट करून द्यावी लागत नव्हती. नवीन घरात तिनं गॅस शिकून घेतला, बडबडत का होईना. चार लोकांत म्हणायची, "भाकर होते, पन चव न्हाय येत." हे ती मला ऐकवायला म्हणायची, मला ठाऊक होतं.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी वस्तू. मग वार. मग एक दिवस गॅसचं बटण फिरवून ठेवलं आणि काडी पेटवायचीच राहिली. मी कपडे वाळत घालत होते, वास आला म्हणून धावले. पुन्हा तसंच झालं, तेव्हा मी रेग्युलेटर काढून ठेवायला लागले. नंतर एकदा ती घरातून निघाली ती थेट हायवेच्या फाट्यावर कंटेनरांच्या मधोमध उभी. गावातल्या एका बाईनं हाताला धरून आणली. आई म्हणाली, "पडवीत लाकडं आनाया गेली व्हती."

गॅस बंद, बाहेर जाणं बंद. उरलं काय? ती खाटेवर बसून राहायची. आणि तिचे हात, देवा, तिचे ते हात! मांडीवर तळवे थापत राहायचे, तांदळाची भाकरी थापतात तसे, वळवून वळवून, काठ पातळ करत. समोर पीठ नाही, पाणी नाही. मी म्हणायचे, "आई, थांबवा ना." ती थांबवायची आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू. माझा संताप व्हायचा आणि मग मोरीत जाऊन मी रडायचे.

एका सकाळी हे चहा पीत बसले होते. आई त्यांच्याकडे बघत राहिली, बघत राहिली आणि तिनं मला विचारलं, "ह्यो कोनाचा गो?" मी म्हटलं, "अहो आई, तुमचा धाकटा!" ती ओशाळून हसली. "माजाच का? मंग आसू दे." हेही हसले. पण कपातला चहा तसाच राहिला. मी कप उचलायला गेले तेव्हा मला म्हणाले, "आय मना इसरली, तर मी काय करू गो?"

या माणसानं इतक्या वर्षांत मला असं कधी काही विचारलं नव्हतं. मी कप घासायला घेतला.

आईला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हातांना जे येतं ते करू द्या, फक्त शेजारी कुणीतरी हवं. तेवढंच यांनी धरलं. "तिला चूल देऊ. चुलीवर तिला काय इसरायला न्हाय होनार. मना बी न्हाय." अंगण गोदामाच्या कंपाउंडनं कधीच गिळलं होतं, आणि दार उघडं राहिलं तर ती पुन्हा रस्त्यावर. तेव्हा चूल घरातच हवी. म्हणजे त्या पफच्या डब्यात. म्हणजे धुराला वाट करून द्यायला हवी.

मोठे दीर पलीकडच्या दोन खोल्यांत राहतात. ते म्हणाले, "याड लागलंय का? ज्या बाईला गॅस देत न्हाय तिला इस्तव देता?" मी नवऱ्याच्या बाजूनं तोंड उघडलं आणि माझं तोंड उघडलं की पुढचं सांगायला नको. दीर गप्प घरी गेले.

यांनी लोखंडी पत्र्याची बंद चूल बनवली. पुढे लाकडं सारायला तोंड, वर तव्याला एक आणि भगुण्याला एक अशी दोन भोकं, मागून पाइप. बाहेरून माती आईनं लिंपली. पाइप सरळ वर नेला, छपराला पाइपाएवढंच भोक पाडलं, जरासुद्धा सैल नाही, आणि जी काय बारीक फट राहिली ती फोमच्या फवाऱ्यानं गच्च भरून वरून सिलिकॉन मारलं. गोदामात त्यांचा एकच दुष्मन, पाणी. छपराला भोक दिसलं की यांचा हात आपोआप फोमच्या डब्याकडे जातो. मालावर थेंब पडला तर कंत्राटदार उभा सोलेल. "यातून थेंब आला तर नाव बदलीन," असं मला मोठ्या ऐटीत सांगितलं. थेंब आला नाही, हे खरं.

चूल पेटली आणि आमची आई परत आली. मी खोटं सांगत नाही. पहिल्या भाकरीचा तुकडा तूप-गूळ लावून तिनं विस्तवाला दिला, कुणी सांगायला लागलं नाही. उकड मळताना मला म्हणाली, "पानी कमी घातलंस. कदी शिकनार?" मी इतक्या आनंदानं कधी बोलणी खाल्ली नव्हती. हे कामावरून आले, आणि ती मागं वळून न बघता म्हणाली, "मेल्या, हात धुतलंस का? लहान हायस का आता?" ते तसेच उभे राहिले. मग मोरीत गेले आणि नळ बराच वेळ चालू होता.

किती दिवस असे गेले ते मी मोजले नाहीत, कशाला मोजेन? ती रोज भाकऱ्या करायची, मी रोज शेजारी बसायचे, आम्ही रोज भांडायचो. यांना ती रोज ओळखत होती. कधी नावानं, कधी शिवीनं. त्यांचं वजन वाढलं. मी चिडवायचे, "आता दारातून शिराल की नाही?"

एका दुपारी पाहुणे येणार होते, म्हणून चूल सकाळपासून पेटती होती. मला कसलासा जळका वास आला. भाकरीचा नाही, प्लास्टिकचा. मी चुलीत बघितलं, लाकडंच. वर बघितलं तर पाइपाभोवती छताच्या पांढऱ्या पत्र्यावर चहा सांडावा तसा तपकिरी डाग आणि रंगाला फोड. स्टुलावर चढून हात लावला आणि किंचाळले. पत्रा तव्यासारखा तापला होता. लाकडं ओढून परातीत टाकली, पाणी मारलं, आईला हाताला धरून पुढच्या खोलीत ओढत नेलं. ती ओरडत होती, "माजी भाकर तव्यावर हाय गो!" मी ओरडत होते, "राहू दे भाकर!" सगळी गल्ली जमली. दिरांनी नळी लावून वरून छपरावर पाणी सोडलं.

हे ड्युटीवरून धावत आले. पाइप गार झाल्यावर त्यांनी छताचा पत्रा कापला. आत फोम उरलाच नव्हता. पाइपाच्या भोवती काळं, भुसभुशीत, पोकळ. ज्वाळ नाही, काही नाही, आतल्या आत कोण जाणे किती दिवस धुमसत होता. त्यांनी त्या पोकळीत हात घातला, काळी बोटं बघितली आणि लादीवर बसले. "भोक दिसलं, भरून टाकलं," एवढंच म्हणाले. मला त्यांना बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी हात धुवायला पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.

मोठे दीर म्हणाले, "आता बास. सगली जलून मेली असती." यावर काय भांडणार? चूल बंद झाली.

आई पुन्हा खाटेवर बसली. पुन्हा मांडीवर तळवे.

हे भिवंडीत एका सायझिंगमध्ये गेले. तिथं सुताला खळ लावतात, लाकडावर बॉयलर चालतो आणि त्याची चिमणी पत्र्याच्या छपरातूनच वर जाते. मीही बरोबर गेले, माझ्या माहेरापासून ते लांब नाही. हे मान वर करून बघत उभे राहिले. बॉयलरवाल्या चाचांनी विचारलं, "क्या देखते हो भाई?" यांनी सांगितलं. चाचा म्हणाले, "पाइप को किसी से छूने मत दो. उसको जगह दो, हवा दो." एवढंच, आणि ते लाकडं सारायला वळले. घरी येईपर्यंत हे रिक्षात गुडघ्यावर बोटानं रेघा ओढत होते. माझ्या लक्षात आलं, डोक्यात काम सुरू झालंय.

या वेळी घाई नाही. शिफ्ट संपली की तसेच यायचे, अंगावर कामाचं पिवळं जाकीट, डोक्याला हेल्मेट, मागच्या दारानं थेट शिडीवर. जाकीट काढायलासुद्धा थांबायचे नाहीत, उजेड जाईल म्हणून. छपराचं भोक ऐसपैस कापलं, पाइपाच्या चारी अंगांना वीतभर मोकळं. पफच्या कापलेल्या कडा पत्र्याची चौकट ठोकून झाकल्या, फोम कुठंही उघडा राहायला नको. पाइपावर दुसरा मोठा पाइप चढवला, दोघांच्या मध्ये हवा खेळती. मोठा पाइप आणि चौकट यांच्या मध्ये रॉकवूल, ती दगडाची लोकर असते, जळत नाही. वर छपरावर पत्र्याचा घेर आणि त्याच्यावर पाइपालाच कसलेली छत्री, अशी की पाणी बाहेर ओघळेल पण फट बुजणार नाही. पाइप छपराच्या माथ्यापेक्षा उंच नेला, टोकाला टोपी. चुलीच्या मागच्या भिंतीला वेगळा पत्रा, भिंतीपासून सुटा. आणि खाली जाळीचा झरोका, कारण खोलीत हवा आली नाही तर धूर उलटा घरात येतो. गोदामातल्या पॅलेटच्या फळ्या जाळायच्या नाहीत, त्यांना काय काय औषध मारलेलं असतं. ओलं लाकूड नाही. सुकी बाभूळ, सुका आंबा. मला एवढं सगळं आजही पाठ आहे, कारण ते शिडीवरून बोलत असायचे आणि मी खाली पाने-पक्कड धरून उभी असायचे.

आई खाटेवरून बघत असायची. एकदा मला हळूच म्हणाली, "मानूस कामाला चोक हाय." मी म्हटलं, "कुणाचा आहे!" मला वाटलं ती लेकाचं कौतुक करतेय. मी शिडीकडे बघून म्हटलं, "ऐकलं का, पास झालात." ते वरून हसले. आम्ही दोघं खुळे.

चूल पेटवली. सुरुवातीला बारीक, मग मोठा जाळ. मी स्टुलावर चढले आणि छताच्या पत्र्यावर तळवा ठेवला. कोमट. नुसता कोमट, उन्हात वाळलेल्या चादरीसारखा. बराच वेळ जाळ ठेवला, पुन्हा हात लावला, तसाच. "ठेवा तुम्हीपण," मी म्हटलं. त्यांनी ठेवला आणि डोळे मिटले. दिरांना बोलावून त्यांनाही हात लावायला लावला. दीर म्हणाले, "झ्याक झालंय रं." मग आईला आणून चुलीपुढे बसवलं.

तिनं विस्तवाला तुकडा दिला. मला पाण्यावरून टोचून बोलली. भाकरी पुरीसारखी टम्म फुगली. हे दारात उभे होते, जाकीट घातलेलंच, हात धुऊन, शहाण्यासारखे. वाट बघत होते. कशाची ते मला माहीत होतं. एखादी शिवी. एखादं मेल्या.

आईनं वळून त्यांच्याकडे बघितलं. पदर डोक्यावरून नीट ओढला. लेकासमोर कोण पदर ओढतं?

"मिस्तरी," ती म्हणाली, "बसा. उपाशी नका जाव."

आमच्याकडे रीत आहे. घर असो, होडी असो, चूल असो, बांधून झालं की बांधणाऱ्याला जेवू घालायचं आणि टॉवेल-टोपी, नारळ देऊन त्याचा मान करायचा. आई रीतभात कुठं विसरली होती? मला म्हणाली, "सूनबाय, कपाटातला नवा टावेल आन. नि नारल." मी म्हटलं, "आई, अहो हे तुमचे..." यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मग मी आणला. मी काय करायला हवं होतं? कुणी सांगेल का मला?

ते पाटावर बसले. तिनं वाढलं, भाकरी, सुकटीचं कालवण, कांदा. परक्याला वाढतात तसं, आग्रहानं, अदबीनं. "घ्या अजून. लाजू नका." ते खाली मान घालून जेवले, एकेक घास बळेच गिळत. तिनं त्यांच्या खांद्यावर टॉवेल ठेवला, हातात नारळ दिला, टोपी नव्हती म्हणून माफी मागितली. मग तिला एकदम माया आली. अहो-जाहो सुटलं. म्हणाली, "लय गुनाचा हायस. तुजी आय हाय का घरी?"

"हाय," हे म्हणाले.

"मंग जा बेगीन. ती वाट बघत आसंल. आयला वाट बघायला लावू नये."

ते उठले. तिच्या पाया पडले, आणि तिनं मिस्त्रीला द्यावा तसा आशीर्वाद दिला, हाताला यश येवो म्हणून. ती बघत होती, म्हणून त्यांना जावंच लागलं. मागच्या दारानं, चपला घालून, नारळ घेऊन. आपल्याच घरातून.

मी त्यांच्या मागे गेले. घराच्या आणि गोदामाच्या कंपाउंडच्या मधल्या बोळात ते उभे होते, भिंतीला टेकून. वर धुरांड्यातून पातळसा धूर सरळ निघत होता, हवा तसा. ते रडत होते. एवढा बाप्या माणूस, टॉवेल तोंडाशी दाबून, आवाज घरात जाऊ नये म्हणून.

"आय बोलली घरी जा," ते म्हणाले. "कुटं जाऊ गो मी?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून तिची हाक आली, खणखणीत, "सूनबाय! कुटं बसलीस जाऊन? भाकरी गार व्हतान ना!" मला ओळखत होती. जन्मभर जिच्याशी भांडले तिला माझी ओळख पक्की होती. यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. मला विसरली असतीस तर चाललं असतं गं आई, मलाच विसरायचं होतंस.